उतारवयातली ओवी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. प्रकृती तोळामासा, पदरात शिल्लक शून्य, आणि पुढचा बेत मात्र मोठा. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांनी त्यात एकत्र यावे, अशी ही बंधुसंघाची कल्पना. मिशनच्या चौकटीत ती बसणे कठीणच होते. पगारावर पाणी सोडल्यावर टिळक मोकळे झाले, पण जेमतेम दोन वर्षांसाठी. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि ‘दरबार’ बाळसे धरण्याआधीच पोरका झाला.

मागे राहिले ते ‘ख्रिस्तायन’. येशूचे चरित्र मराठी महाकाव्यात आणण्याचा संकल्प टिळकांनी केला होता. दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ते काम पुढे कोण नेणार, असा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता, तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे नाव कुणाच्या तोंडी आले नसते. वय एक्कावन्न. शाळेत रीतसर शिक्षण झालेले नाही. अक्षरओळख लग्नानंतरची, आणि तीही टिळकांच्या लहरीप्रमाणे. ते शिकवायला बसत, रागावत, उठून जात. जोडाक्षरांशी या बाईंचे कधीच फारसे सूत जमले नाही.

पण त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि पुढचे ६४ अध्याय लिहून पुरे केले. टिळकांचा वाटा किती आणि लक्ष्मीबाईंचा किती, हे आकडेच सांगतात. तरीही बराच काळ या ग्रंथाची ओळख ‘टिळकांचे ख्रिस्तायन’ अशीच करून दिली गेली, हे जाता जाता नोंदवायला हवे.

त्यांना हे जमले कसे? याचे उत्तर त्यांच्या बालपणात आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या, कडकडीत सोवळ्याच्या घरात ही मुलगी वाढली. पुस्तके वाचता येत नसली तरी पोथ्या, कहाण्या, ओव्या, स्तोत्रे कानावर पडत होती. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसाराची दोन शकले झाली. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि १९०० साली राहुरीला त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, कानातली ओवी तिथेच राहिली. पुस्तकी पांडित्य आड येत नसल्याने ती लय त्यांच्या हाताशी सरळ आली असावी. पन्नाशीनंतर त्यांनी जे नवे केले, त्याची सामग्री जुनीच होती.

दुसरे मोठे काम तर जवळजवळ अपघाताने झाले. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होता आणि त्यासाठी त्याला आईच्या आठवणी हव्या होत्या. आई सांगू-लिहू लागली. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि टिळकांच्या चरित्राचा कच्चा माल म्हणून सुरू झालेले लेखन मराठीतले पहिल्या प्रतीचे आत्मचरित्र ठरले. तेव्हा लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. आदल्याच वर्षी नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते.

हे धर्मसेवेचे लेखन म्हणायचे का? ‘स्मृतिचित्रे’त उपदेश औषधालाही नाही. घरात दाणा नसताना पैसे वाटून टाकणारा नवरा आहे, प्लेग आहे, उपासमार आहे, माणसांची भांडणे आणि मनधरणी आहे, आणि या सगळ्यावर पसरलेले मिस्कील हसू आहे. शिवाशिवीच्या कल्पना आपल्या मनातून कशा गळून पडल्या, हे त्या इतक्या साधेपणाने सांगतात, की वाचकाला प्रवचन ऐकल्यासारखे वाटतच नाही. ख्रिस्ती धर्म कधी न स्वीकारलेल्या, चर्चची पायरीही न चढलेल्या कितीतरी मराठी घरांत मराठी ख्रिस्ती माणसाचे आयुष्य पोहोचले ते या पुस्तकामुळे. मिशनऱ्यांनी छापलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांना ते साधले नव्हते.

पंडिता रमाबाईंचे उत्तरायुष्य याहून पार वेगळे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा शेकड्यांनी राहत होत्या. एवढा व्याप डोक्यावर असताना, पंचेचाळिशी उलटल्यावर, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. प्रचलित मराठी बायबल त्यांना समाधानकारक वाटत नव्हते. त्याची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, आणि तिच्यातले काही शब्द नको ते अर्थ मागच्या दाराने आत आणतात, असा त्यांचा आक्षेप होता. वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी जिच्या संस्कृतावर खूश होऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिनेच संस्कृतची झूल उतरवायला निघावे, हे विलक्षण आहे. काय टाळायचे, हे तिला नेमके माहीत होते.

सबंध बायबलचा अनुवाद एकट्या बाईने मूळ भाषांवरून केला. त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात झाली, आणि खिळे जुळवण्यापासूनची कामे तिथल्या बायकांनी केली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा मजकूर हातावेगळा झाला होता. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. मूळ शब्दाला घट्ट धरून राहण्याच्या आग्रहामुळे हा अनुवाद जागोजागी अवघड वाटतो आणि चर्चमधून तो सर्वत्र रुजलाही नाही. वाचनीयतेत लक्ष्मीबाई कितीतरी पुढे आहेत. तरी धाडसाचे माप वेगळेच असते.

या वाटेने फार पूर्वी एक परदेशी माणूस चालून गेला होता. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि साष्टीतल्या खेड्यांत रमले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेव्हा ते सदुसष्टीच्या आसपास होते. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे काढून घेतली गेली होती. त्या रिकाम्या जागी काय द्यायचे, हा त्यांच्यापुढचा सवाल होता. तीन-साडेतीन दशके ऐकलेली भाषा तिथे कामी आली. देवनागरी खिळ्यांसाठी त्यांनी १६०८ मध्येच वरिष्ठांना पत्र लिहिले होते, पण ते काही जमले नाही आणि पुराण रोमन लिपीत छापावे लागले.

अलीकडचे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन १९८३ पासून २००७ पर्यंत केले. पर्यावरणाच्या प्रश्नावर ते रस्त्यावरही उतरले. संपादकपद सोडल्यावर त्यांचा ‘सुबोध बायबल’ हा प्रचंड ग्रंथ आला आणि २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूची अध्यक्षपदी निवड झाली म्हणून काहींनी नाके मुरडली, पण संमेलन पार पडले. २०२४ मध्ये ते गेले.

कॅथलिक चर्चच्या नियमानुसार बिशपांनी पंचाहत्तरी पूर्ण झाली की पदत्यागाचे पत्र पोपकडे पाठवायचे असते. साध्या भाविकाला असे कोणते पत्र लिहावे लागत नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या असतात. गुडघे दुखतात, वेदीजवळची कामे तरुणांकडे जातात, आणि ‘तुम्ही आता आराम करा’ हे वाक्य प्रेमाने कानी पडू लागते. अशा वेळी नवे तंत्र शिकून घ्यावे, असा सल्ला सगळेच देतात. वरच्या माणसांनी आधी आपल्याजवळचे जुने काय आहे ते पाहिले. वसईच्या सामवेदी बोलीतली गाणी, मराठवाड्यातल्या ख्रिस्ती भजनी मंडळाच्या चाली, आजीने शिकवलेली प्रार्थना, हे सगळे ज्यांना तोंडपाठ आहे अशी माणसे आज बहुतेक सत्तरीपुढची आहेत. नातवाच्या फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असतेच, आणि ते बटण दाबायला नातू सहसा नाही म्हणत नाही.