मूल्य आणि भाव यांच्यातली दरी : रीटच्या डिस्काउंटचा अर्थ

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत शिलकीचा पैसा कुठे जातो, याचे उत्तर शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर मिळते. लातूरला औसा रोड, बार्शी रोड, हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्याचा परिसर. नांदेडला सिडकोपलीकडचा पट्टा आणि जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या आखणीभोवतीची गावे. सोयाबीनचा हंगाम बरा गेला, निवृत्तीची रक्कम हाती आली, शिकवणीच्या धंद्यात चार पैसे उरले, की एनए (बिगरशेती) प्लॉटची चौकशी सुरू होते. जमिनीवरचा हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. पण आता जागेत पैसे गुंतवण्याचा आणखी एक मार्ग शेअर बाजारात उघडा आहे, आणि अधूनमधून तो एक आकर्षक गोष्ट समोर ठेवतो: इमारतींचे मूल्य शंभर रुपये आणि त्यांचा हिस्सा मिळतो ऐंशीला. त्या ऐंशी रुपयांचा मोह धरावा का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की नुसता डिस्काउंट हे खरेदीचे कारण होऊ शकत नाही. तो बाजाराने मूल्यांककाला विचारलेला प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर ज्याला स्वतः देता येते, त्यानेच तिथे पैसे घालावेत.

आधी रचना समजून घेऊ. रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, म्हणजे रीट, यासाठी सेबीने २०१४ मध्ये नियम केले. पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, ३०० रुपये युनिट या भावाने विक्री करून एप्रिल २०१९ मध्ये बाजारात नोंदला गेला. मागोमाग २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड, २०२३ मध्ये मॉलचा नेक्सस सिलेक्ट आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी ट्रस्ट आला. नियम कडक आहेत. किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडे देणारी हवी. वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावी लागते. कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. स्वतंत्र मूल्यांककाकडून दरवर्षी संपूर्ण मूल्यांकन करून सहामाहीला ते अद्ययावत करावे लागते. त्या मूल्यातून कर्ज वजा करून, उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही, मिळते. एम्बसीच्या वेळी किमान ८०० युनिटांसाठी अर्ज करावा लागे, म्हणजे जवळपास अडीच लाख रुपये. २०२१ मध्ये सेबीने अर्जाची मर्यादा १० ते १५ हजारांवर आणली आणि बाजारात एकेक युनिट घेण्याची मुभा दिली. या ट्रस्टांची एकही इमारत मराठवाड्यात नाही. पण पुण्यात खराडी आणि हिंजवडीला, हैदराबादेत माधापूरला ज्या इमारती या ट्रस्टांकडे आहेत, तिथे लातूर-नांदेडची शिकलेली मुले रोज कामाला जातात. मुले ज्या इमारतीत बसतात तिच्या भाड्यात आईवडिलांना वाटा घेता येतो, इतका हा मार्ग जवळ आला आहे.

आता दरीचा पुरावा पाहू. २०२३ मध्ये एम्बसीची एनएव्ही ४०० रुपयांच्या आसपास होती, आणि वर्षाच्या उत्तरार्धात बाजारातला भाव मात्र ३०० ते ३३० रुपयांत घुटमळत होता. ढोबळमानाने पाचव्या हिश्शाची ही तूट. ब्रुकफिल्ड आणि माइंडस्पेसची युनिटेही एनएव्हीच्या खालीच मिळत होती. इमारती तिथेच उभ्या होत्या, भाडेही येत होते. मग भाव का पडला? चार कारणे ठळक दिसतात. पहिले व्याजदर. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. बँकेची ठेव सुखासुखी जास्त व्याज देऊ लागली, तेव्हा भाड्याचा तोच रुपया बाजाराला कमी मोलाचा वाटू लागला. दुसरे, विशेष आर्थिक क्षेत्रातील रिकामे मजले. २०२० नंतर सुरू होणाऱ्या युनिटांसाठी प्राप्तिकराची सवलत संपली आणि तिथे नव्याने जागा घेण्याचे कारणच उरले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलून मजल्यागणिक ती जागा मुक्त करण्याची सोय झाल्यावर कोंडी सुटू लागली. तिसरे कारण कराचे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ‘कर्जफेड’ या नावाखाली मिळणाऱ्या वाटपावर कर लावण्याचा प्रस्ताव आणला. नंतर तो बराच सौम्य झाला, पण विश्वासाला धक्का बसून गेला होता. चौथे, मोठ्या विक्रेत्याची सावली. ब्लॅकस्टोन या परदेशी गुंतवणूक कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये एम्बसीतील आपला उरलेला, २३ टक्क्यांहून अधिक हिस्सा सुमारे ७,००० कोटी रुपयांना विकला. एवढा माल बाजारात येणार हे ठाऊक असताना भाव चढत नाही.

या चारही कारणांना नाव होते आणि प्रत्येक कारण कधीतरी मिटण्याजोगे होते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला, रिकामे मजले भरू लागले, मोठा विक्रेता बाहेर पडून गेला होता, आणि एम्बसीचा भाव ४०० रुपयांच्या पुढे गेला. २०२३ च्या अखेरीस सव्वातीनशेच्या आसपास घेणाऱ्याला मधल्या काळाचे वाटपही मिळाले आणि दरी बुजल्याचा लाभही. पण या एका उदाहरणावरून ‘डिस्काउंट दिसला की घ्या’ असा नियम काढणे धोक्याचे आहे. त्यासाठी एनएव्ही किती हळवी असते हे आकड्यांत पाहायला हवे.

समजा, एका ट्रस्टच्या इमारतींचे मूल्य १०० कोटी आहे, कर्ज ३० कोटी, म्हणजे एनएव्ही ७० कोटी. वर्षाचे निव्वळ भाडे ८ कोटी. मूल्यांककाने ८ टक्के परताव्याच्या हिशेबाने १०० कोटी हा आकडा काढला. त्याने ८ ऐवजी ९ टक्के धरले असते तर त्याच इमारती ८९ कोटींच्या झाल्या असत्या आणि एनएव्ही ५९ कोटी. एका टक्क्याच्या मतभेदाने एनएव्ही जवळपास १६ टक्क्यांनी घसरली. उलट बाजूने पाहा. युनिटे २० टक्के डिस्काउंटने मिळत असतील तर बाजार ७० कोटींना ५६ कोटी देतो आहे. त्यात ३० कोटींचे कर्ज मिळवले की इमारतींची बाजारभावी किंमत ८६ कोटी होते. म्हणजे वीस टक्क्यांची दिसणारी सूट इमारतींवर चौदा टक्क्यांचीच आहे. कर्ज जितके जास्त, तितकी ही दिशाभूल मोठी. म्हणून डिस्काउंटचा आकडा पाहण्याआधी कर्जाचा आकडा पाहावा.

वर्षानुवर्षे न बुजणाऱ्या दऱ्याही असतात. जानेवारी १९९४ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंडाच्या अर्जांसाठी शहराशहरांत रांगा लागल्या होत्या. पंधरा वर्षांची मुदतबंद योजना. बाजारात नोंदल्यावर तिची युनिटे अनेक वर्षे एनएव्हीपेक्षा खूप खाली विकली जात होती, कारण मुदत संपेपर्यंत फंडाकडून पैसे परत मागण्याची वाट नव्हती. त्याहून टोकाचे उदाहरण एलसिड इन्व्हेस्टमेंट्सचे. एशियन पेंट्सचे मौल्यवान शेअर पोटात असलेल्या या कंपनीचा स्वतःचा शेअर साडेतीन रुपयांच्या आसपास पडून होता. गुंतवणूक कंपन्यांसाठी विशेष लिलावाची सोय झाल्यावर २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तो ३.५३ रुपयांवरून थेट २,३६,२५० रुपयांवर गेला. इतकी वर्षे मूल्य कंपनीच्या आतच होते. ते बाहेर येण्याला वाट नव्हती. मालमत्ता कितीही खरी असली तरी ती भागधारकापर्यंत पोचवणारी वाट नसेल, तर डिस्काउंट कायमचा मुक्काम करतो.

रीटमध्ये अशी एक वाट नियमानेच ठेवली आहे: ९० टक्के वाटप. भाड्याचा पैसा व्यवस्थापनाला दाबून ठेवता येत नाही. शंभर रुपये एनएव्हीमागे सहा रुपये वाटप होत असेल, तर ऐंशीला घेणाऱ्याला साडेसात टक्के पडतात. दरी कधीच बुजली नाही तरी हा परतावा चालू राहतो. मात्र वाटपातला काही भाग व्याज असतो, काही लाभांश, आणि काही स्वतःच्याच भांडवलाची परतफेड. प्रत्येकाचा कर वेगळा, म्हणून एकूण टक्केवारीवर भाळू नये. ब्रिटनमध्ये दुसरीही वाट वापरली जाते. एबर्डिन प्रॉपर्टी इन्कम ट्रस्टच्या भागधारकांनी २०२४ मध्ये मतदान करून ट्रस्ट टप्प्याटप्प्याने गुंडाळण्याचा निर्णय घेतला, म्हणजे इमारती विकून पैसे वाटणे. आपल्याकडे रीटच्या बाबतीत अशी परंपरा अजून तयार झालेली नाही. उलटी वाट मात्र खुली आहे. भाव एनएव्हीखाली असताना नवी युनिटे काढून नव्या इमारती घेणे जुन्या युनिटधारकाच्या मुळावर येते. एनएव्ही ४०० असताना ३२० रुपयांनी दहा टक्के नवी युनिटे काढली, तर प्रत्येकाची एनएव्ही ३९३ च्या खाली येते. प्रवर्तकाकडूनच इमारत घेतली जात असेल तर दोन स्वतंत्र मूल्यांकने घ्यावी लागतात, ही सेबीची चांगली तरतूद आहे. तरी असा प्रस्ताव मताला येईल तेव्हा तो वाचून मत देणे हे लहान युनिटधारकाचेही काम आहे.

आता आक्षेप. आपल्याकडचा सर्वांत मोठा आक्षेप असा: प्लॉट कधी खाली येत नाही, मग रोज भाव हलणाऱ्या कागदात पैसे कशाला घालायचे? प्लॉट खाली येताना दिसत नाही, कारण त्याचा भाव कोणी रोज लावत नाही. विकायची निकड आली की खरा भाव कळतो, आणि मागितलेल्या किमतीतून मोठा तुकडा गिऱ्हाईक कापून घेते. हाही डिस्काउंटच, फरक इतकाच की तो छापला जात नाही. त्यावर आणखी जाच असा की व्यवहाराची रक्कम रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, फार खाली गेली, म्हणजे रेकनरचा दर त्या रकमेहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त असला, तर प्राप्तिकर रेकनरच्याच दराने मोजला जातो. शेतजमिनीला तर तुकडेबंदी आहे. जिरायत वीस गुंठ्यांखाली आणि बागायत दहा गुंठ्यांखाली विकता येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातल्या हजारो घरांना अचानक रोख रकमेची गरज पडली. अशा वेळी गरजेपुरता तुकडा विकण्याची सोय जमिनीत नाही. युनिटांत ती आहे. राहत्या घराची जागा आणि कसण्याची जमीन या हिशेबाच्या बाहेर आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात. प्रश्न तिसऱ्या, चौथ्या, केवळ भाववाढीसाठी घेतलेल्या प्लॉटचा आहे.

दुसरा आक्षेप असा की ज्याचा भाव मूल्याखाली पडू शकतो, ते साधनच सदोष. इतिहास याच्या उलट सांगतो. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिल्यावर तिथल्या खुल्या मालमत्ता फंडांतून लोक पैसे काढू लागले. इमारती रातोरात विकता येत नाहीत, म्हणून स्टँडर्ड लाइफ, अविवा, एम अँड जी यांच्या फंडांनी पैसे देणे थांबवले. शेअर बाजारात नोंदलेल्या मालमत्ता ट्रस्टांचे भाव पडले, पण विकू इच्छिणाऱ्याला पैसे मिळत राहिले. आपल्याकडे जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री गोठवली गेली, तेव्हा जाहीर भाव आणि खरे मूल्य यांतली लपलेली दरी लाखो मध्यमवर्गीयांना एकाच दिवशी कळली. मराठवाड्यात मल्टिस्टेट पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींची कहाणी ताजी आहे. तिथेही पासबुकावरचा आकडा शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण होता, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेप्रमाणे पाच लाखांचे विमासंरक्षणही नसते. उघड्यावर दिसणारा डिस्काउंट ही बाहेर पडण्याच्या दाराची किंमत आहे. बंद दारामागचा पूर्ण आकडा त्याहून महाग पडतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कार्यालयांची गरजच घटली तर? घरून काम, यंत्रबुद्धी, नोकरकपात यांमुळे उद्या मजले ओस पडले, तर आजची एनएव्हीच चुकीची ठरेल आणि ऐंशीची खरेदीही महाग पडेल. या आक्षेपाला ठाम नकार देता येत नाही. इतके म्हणता येते की भारतात परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या कार्यालयांमुळे मोठ्या शहरांत जागेची मागणी टिकली आहे. पण ही मागणी मूठभर शहरांवर आणि मुख्यतः एकाच उद्योगावर उभी आहे. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी त्याच उद्योगात नोकरीला आहे, त्या घराची मिळकत आणि गुंतवणूक दोन्ही एकाच फांदीवर बसतात. म्हणून हिस्सा मर्यादित हवा. मुदतठेवीची जागा रीटने घेऊ नये. फार तर जास्तीच्या प्लॉटची घ्यावी.

तेव्हा निवाडा असा. एनएव्हीखाली मिळणारा रीट घेण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: भाव खाली असण्याचे नेमके कारण काय, ते कशाने मिटेल, कर्ज मालमत्तेच्या किती टक्के आहे, आणि दरी कधीच बुजली नाही तरी करानंतरचे वाटप तुम्हाला पुरेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तर सूट कितीही मोठी असो, हात आवरा. चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर थोड्या रकमेने, टप्प्याटप्प्याने सुरुवात करा आणि सहामाही मूल्यांकन अहवाल नेमाने वाचा. सेबीने म्युच्युअल फंडांसाठी रीटला जानेवारी २०२६ पासून समभागांच्या वर्गात घेतले आहे. त्यामुळे या बाजारात मोठे खरेदीदार वाढतील आणि २०२३ सारखे डिस्काउंट कदाचित दुर्मीळ होतील. पण त्या घाईने कोणी खरेदी करू नये. प्लॉट घेताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, चतुःसीमा पायी फिरून येतो. युनिट घेतानाही तेवढीच मेहनत घ्या.