जुलैतच संपलेला वर्षाचा शिधा

24 जुलै 2025. या तारखेला आपण सगळ्यांनी मिळून पृथ्वीचा वर्षभराचा शिधा संपवला! शेतं, कुरणं, जंगलं, समुद्र वर्षभरात जेवढं नव्यानं पिकवतात आणि जेवढा कार्बन पोटात घेतात, ते सगळं तेवढ्यात वापरून झालं. पुढचे पाच महिने नुसतं ऋण काढून सण.

2020 मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा ही तारीख 22 ऑगस्टला असल्याचं जाहीर झालं. विमानं जमिनीवर, कारखाने बंद, तरी ऑगस्ट काही ओलांडता आला नाही. मला यातलं सगळ्यात बोचणारं हेच वाटतं.

हा हिशेब मांडला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. तोवर विचारलं जायचं, इतक्या जमिनीवर किती माणसं जगतील? या दोघांनी प्रश्नच उलटा केला: एका माणसाला जगायला जमीन किती लागते?

आज जगात माणशी अडीच हेक्टरांहून जास्त लागते आणि वाट्याला येते जेमतेम दीड. सगळेच अमेरिकी थाटात राहिले तर पाच पृथ्व्या हव्यात. आपण भारतीय एक हेक्टरच्या आसपास भागवतो. पण लगेच पाठ थोपटू नका, कारण देशाची स्वतःची ऐपत माणशी अर्धा हेक्टरसुद्धा नाही.

आणि घरं, रस्ते, इमारती यांनी खाल्लेली जागा? या हिशेबात अगदी किरकोळ! निम्म्याहून जास्त वाटा आपला कार्बन शोषायला लागणाऱ्या जंगलाचा.

पाण्याची खतावणी निराळी. ती 2002 मध्ये डच अभ्यासक आर्येन हुक्स्ट्रा यांनी सुरू केली. कपभर कॉफीमागे सुमारे 130 लिटर पाणी, चहामागे 30 च्या आसपास. चहाबाजांनो, खुशाल प्या! सुती टी-शर्टाला मात्र अडीच हजार लिटर.

पाणी मोजून वापरण्यात आपली गावं कुणाच्या मागे नाहीत. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर मारायला बंदी.

त्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम वाचून आजही थक्क व्हायला होतं. पाणी मिळणार ते सातबाऱ्यावरचे एकर बघून नाही, घरातली माणसं मोजून: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. उसाला थेंबही नाही. भूमिहीनांनाही हक्काचा वाटा. आणि शेत विकलं, तरी पाण्याचा हक्क त्याबरोबर विकता येत नाही.