भाईंनी वकील लावला

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला कारागृहात एक टेबल मिळतं, दोन खुर्च्या आणि एक रजिस्टर. मोबाइल गेटवर जमा करायचा, झडती द्यायची, पेन आणि कागद तेवढे आत न्यायचे. मग कैदी वॉर्डर एकेकाला घेऊन येतो. नाव, बापाचं नाव, कलम, कोर्ट, पुढची तारीख. शेवटचा रकाना: वकील आहे का?

टोळी पोराला कशी ओढून घेते, ते मी या शेवटच्या रकान्यात पाहत आले आहे.

अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा समोर बसतो तेव्हा अंगावर अटकेच्या दिवशीचाच शर्ट असतो. कलमाचं त्याला फारसं काही पडलेलं नसतं. आईला कळवलंय का, एवढंच विचारतो. पुढच्या खेपेला अर्जावर सही करतो. त्यानंतर कधीतरी पायात नवी चप्पल येते, केस कापलेले असतात, बसण्याची ढब बदललेली असते. ‘मॅडम, माझं नाव काढा. भाईंनी वकील लावलाय.’ कोण भाई, हे मी विचारत नाही. विचारलं तरी तो सांगणार नाही, आणि शेजारी वॉर्डर उभा असतो.

नाव काढायचं म्हणजे रजिस्टरात ‘खासगी वकील’ असा शेरा मारायचा. आमच्या तक्त्यात ते प्रकरण निकाली धरलं जातं.

मधल्या दिवसांत काय घडतं, ते तुकड्यातुकड्यांनी कळतं. कोर्टातून आणलेले नवे बंदी संध्याकाळी गेटवर येतात. दुसऱ्या दिवशी मुलाहिजा. वय, आजार, अंगावरच्या खुणा, आणि ‘कुठल्या भागातला? कुणाबरोबर असतोस?’ हा प्रश्न उगाच नसतो. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन टोळ्यांची माणसं एका बराकीत टाकली तर सकाळी पंचनामा करावा लागेल. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात २०१० साली टोळीवाल्या अबू सालेमवर दुसऱ्या टोळीच्या मुस्तफा डोसाने हल्ला केला; २०१३ मध्ये तळोजा कारागृहाच्या आत सालेमवर गोळी झाडली गेली. वस्ती आणि टोळी पाहून बराक ठरवणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याची नोकरी त्यावर असते.

पण ज्याची टोळीच नाही, त्याचं काय करायचं? तो अमुक वस्तीचा म्हणून त्या बराकीत जातो, आणि त्या बराकीतला म्हणून त्यांचा होतो. रिओ दि जानेरोच्या तुरुंगांतही असंच चालतं: कुठल्या गटाच्या वस्तीतून आलास, त्यावरून कुठे राहायचं ते ठरतं. कोर्टाने त्याला अजून दोषी ठरवलेलं नसतं. टोळी मात्र ठरून गेलेली असते.

बराकीत पहिला प्रश्न झोपायच्या जागेचा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि माणसं होती ५,७३,२२०. त्यातले शंभरात शहात्तर न्यायाधीन, म्हणजे खटला न संपलेले. या आकड्यांचा बराकीतला अर्थ असा की नव्या पोराला संडासाजवळची जागा मिळते, आणि कुशीवर वळायला शेजाऱ्याला उठवावं लागतं. भिंतीकडची जागा कुणाच्या तरी शब्दाने मिळते. घरून मनीऑर्डर नसेल तर कॅन्टीन बंद: साबण नाही, बिस्किटं नाहीत. मग कुणीतरी आपल्यातलं देतो. पैसे मागत नाही. मुलाखतीला कुणी येत नाही म्हटल्यावर बाहेरची माणसं आईकडे जाऊन येतात, किराणा टाकून येतात. शेवटी वकील. या सगळ्यात धमकी फार कमी असते. निदान मुलांच्या बोलण्यात ती मला क्वचितच ऐकू आली. उलट मुलं कृतज्ञ असतात, आणि मला ती कृतज्ञताच जास्त भीतीदायक वाटते. कारण हिशेब सुटल्यावर होतो.

शिवाय सुटकेचा थाट त्यांनी पाहिलेला असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्याचा टोळीप्रमुख गजानन मारणे तळोजातून सुटला, तेव्हा द्रुतगती महामार्गावरून गाड्यांचा ताफा पुण्याकडे निघाला. गुन्हे दाखल झाले खरे, पण व्हिडिओ त्याआधीच घराघरात पोचले होते.

अतिरेकी संघटनेची भरती याहून वेगळ्या वाटेने होत असेल, असं मला पूर्वी वाटायचं. बंगळूरच्या परप्पन अग्रहार कारागृहाचं प्रकरण वाचताना मात्र प्रत्येक पायरी ओळखीची वाटली. राष्ट्रीय तपास संस्थेचा (एनआयए) आरोप असा: लष्कर-ए-तैयबाशी संबंधित टी. नसीर याने दहशतवादाशी काही संबंध नसलेल्या गुन्ह्यांत आत आलेली तरुण मुलं हेरली, खटपट करून त्यांना आपल्या बराकीत आणवून घेतलं आणि तयार केलं. जुलै २०२३ मध्ये बंगळूर पोलिसांनी शस्त्रसाठ्यासह पाच जणांना पकडलं, तेव्हा हे उघड झालं. जुलै २०२५ मध्ये त्याच प्रकरणात कारागृहाच्या मानसोपचारतज्ज्ञाला आणि एका सहायक फौजदाराला अटक झाली. या आरोपांत विचारसरणी येते ती नंतर. आधी येते बराक.

अशांना वेगळं कोंडा, असा सल्ला सगळेच देतात. येरवड्याच्या कडेकोट अंडा सेलमध्ये इंडियन मुजाहिदीनचा संशयित कातिल सिद्दीकी असाच वेगळा ठेवला होता. ८ जून २०१२ रोजी तिथेच त्याचा गळा आवळून खून झाला. आरोप तिथेच बंदी असलेला पुण्याचा गुंड शरद मोहोळ आणि आलोक भालेराव यांच्यावर ठेवला गेला; पुढे दोघं निर्दोष सुटले. मोहोळचा दबदबा मात्र या प्रकरणाने वाढला, तो ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडमध्ये त्याच्याच माणसांनी त्याला गोळ्या घालेपर्यंत. तिकडे पॅरिसजवळच्या फ्लरी-मेरोजी तुरुंगात अतिरेकी जमाल बेगाल एकांतकोठडीत होता. खालच्या मजल्यावरच्या अमेदी कुलिबालीशी तो खिडकीतून बोलत असे. जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांतला हाच कुलिबाली.

भिंत किती जाड करायची, हे माझ्या हातात नाही. माझ्या हातात जामीन आहे, आणि जामीन मंजूर होऊनही आत राहिलेली मुलं दर महिन्याला यादीत असतात. आदेशात लिहिलेलं असतं, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितलंय की महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. गरीब बंद्यांच्या जामिनाच्या रकमेसाठी केंद्राची योजना आहे; २०२३ मध्ये तिची मर्यादा न्यायाधीन बंद्याला चाळीस हजारांपर्यंत होती. प्रस्ताव तयार करायचा, समितीपुढे ठेवायचा, मंजुरीची वाट पाहायची. बराकीतल्या भाईला समिती लागत नाही. त्याचा जामीनदार दोन दिवसांत कागदपत्रं घेऊन कोर्टात हजर असतो.

सध्या माझ्याकडे एक मुलगा आहे, जबरी चोरीचा गुन्हा, जामीन झालेला. चप्पल अजून जुनीच आहे. त्याच्या मामाला फोन करकरून परवा गाठलं. मामा जामीन राहायला तयार आहे, गाडीभाड्याचीही सोय करतो म्हणाला. पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, आणि वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे पडून आहे.