मालवणला कधी यायचं?

हॉस्टेलमध्ये महिन्यातून एकदा तरी मला हा प्रश्न येतोच. "ए, तुझ्या मालवणला कधी यायचं?" लातूरची रूममेट विचारते, शेजारच्या रूममधल्या नागपूर-जळगावच्या मुली विचारतात, मेसचे काकासुद्धा विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "कधीही या की, घर आपलंच आहे!" कोकणातलं माणूस दुसरं काय सांगणार?

सेकंड इयरचा शेवटचा पेपर झाला आणि चौघीजणी खरोखरच निघाल्या. जूनचा दुसरा आठवडा होता. कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हाच पावसाने जे स्वागत केलं, ते चार दिवस चालूच! किल्ल्याच्या होड्या बंद. स्कूबा डायव्हिंग बंद. बाजारात ताजी मासळी नावालाच. जत्रा? ती झाली. दशावतार? तोही संपला. चौघी पडवीत बसून पत्ते खेळल्या आणि आजीने केलेली सुक्या सुंगटांची किसमूर खाऊन परत गेल्या. "पाऊस छान होता गं," असं लातूरची रूममेट जाताना म्हणाली. पॉकेटमनी साठवून आलेल्या मुलीच्या तोंडून हे ऐकताना काय वाटतं, ते मला विचारा.

त्या गेल्यावर आजीने मला धरलं. "तू हयलीच मा गो बाय? मगे ह्यांका जूनात कित्याक हाडलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आणि सण म्हणजे कॅलेंडरवरचे लाल आकडे, एवढंच माझं ज्ञान. आमच्या गावाचं स्वतःचं एक वेगळं टाइमटेबल आहे हे मला विसाव्या वर्षी कळलं, तेही आजीकडून. तेच इथे लिहिते आहे. लेट सबमिशन समजून घ्या!

तिथीची पाऊणपट

सुरुवात आजीच्या फॉर्म्युल्यापासून करू. मी किनाऱ्यावर निघाले की ती विचारायची, "आज तिथी खयची?" मला वाटायचं उपास वगैरे असेल. पण तिला भरतीची वेळ काढायची असायची. नियम असा : तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे पूर्ण भरती किती वाजता ते कळतं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. हीच वेळ दुपारची आणि साधारण हीच रात्रीची. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

यात जादू काही नाही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. आजीचा नियम ४५ मिनिटं धरतो, कारण पाऊणपट तोंडी करता येते. थोडी एरर येते, पण होडी ढकलायला तेवढी अ‍ॅक्युरसी पुरते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं. त्याला आमच्याकडे उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो, तो भांग. फिजिक्सच्या पुस्तकात मी हे स्प्रिंग टाइड, नीप टाइड म्हणून पाठ केलं होतं आणि मार्कही मिळवले होते. पण घरासमोरच्या समुद्राला ते कधी लावून पाहिलं नव्हतं!

नारळी पौर्णिमा : समुद्र उघडतो तो दिवस

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कारणं दोन. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि पुष्कळ माशांचा हा अंडी घालण्याचा काळ असतो. आमच्या जूनच्या ट्रिपमध्ये मासळी का नव्हती, ते आता लक्षात आलं असेल.

कागदावर बंदी १ ऑगस्टला उठते. पण पारंपरिक मच्छीमार समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, आणि नारळ द्यायचा तो श्रावणी पौर्णिमेला. ही पौर्णिमा इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, आपल्या वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. म्हणून २०२३ साली ती ३० ऑगस्टला होती, २०२४ साली १९ ऑगस्टला आणि २०२५ साली ८ ऑगस्टला. बघा, बरोबर अकरा-अकराचा फरक! अशीच ती मागे सरकत राहिली असती तर ऐन पावसात आली असती. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळे ती पुन्हा ऑगस्टअखेरीला. थोडक्यात, हे कॅलेंडर स्वतःच स्वतःला करेक्शन देतं.

त्या दिवशी मालवण बंदरावर गाव लोटतो. आधी सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा मानाचा नारळ, मग गावातल्या व्यापाऱ्यांचा, मग घराघरातले. त्याच किनाऱ्यावर नारळ लढवण्याच्या स्पर्धा असतात, बायकांच्यासुद्धा. एकीने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर मारायचं, ज्याचा फुटला तो हरला. मेकॅनिकलवाल्यांनो, यात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पूर्ण आहे. टोकाकडची गोलाई जास्त, तिथे कवटी मजबूत. आपलं टोक समोरच्याच्या पोटावर बसलं की काम झालं. माझी आई हे कोणत्याही थिअरीशिवाय करते आणि सहसा हरत नाही.

पाडवा, दशावतार आणि तारीख नसलेली जत्रा

दिवाळीच्या पाडव्याला ग्रामदैवत रामेश्वर आणि नारायण यांची पालखी देऊळवाड्यातून निघते. वाड्यावाड्यांतून, किनाऱ्याकडून फिरत ती रात्री बाजारपेठेत येते. दारात रांगोळ्या, दुकानात दिवे, मुंबईहून आलेले चाकरमानी. सगळे एका रस्त्यावर. आता आजीचा नियम लावून बघा. पाडवा म्हणजे प्रतिपदा. एक गुणिले पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तीही उधाणाची, म्हणजे पाणी लांब गेलेलं. त्या संध्याकाळी किनारा चांगला रुंद झालेला असतो.

दिवाळीनंतर भातं घरात आलेली असतात. मग गावोगावच्या देवळांत जत्रा आणि दशावतार सुरू होतात, ते थेट मेपर्यंत. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे दहीकाल्याने संपतं. लिहिलेले संवाद नसतात, कथानक ठरवून घ्यायचं आणि बोलणं जागेवर रचायचं. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. यातले पुष्कळ कलाकार शेतकरी असतात, म्हणून पाऊस आला की नाटकं थांबतात आणि मंडळी चिखलात उतरतात. जूनमध्ये दशावतार शोधणाऱ्या आम्हीच शहाण्या!

मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची आंगणेवाडीची जत्रा तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. भराडी देवीच्या दर्शनाला लाखो लोक येतात, कोकण रेल्वे खास गाड्या सोडते. पण या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन आंगणे मंडळी तारीख ठरवतात. २०२३ साली ४ फेब्रुवारी, २०२४ साली २ मार्च, २०२५ साली २२ फेब्रुवारी. आंगणे घराण्यातल्या बायका देवीचा प्रसाद रांधताना एक शब्दही बोलत नाहीत. तारीख जाहीर झाली की मुंबईतली अर्धी मालवणी माणसं रजेचा अर्ज टाकतात. युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल शेवटच्या क्षणी कळण्याची सवय असलेल्या आपल्याला हे जड जाऊ नये.

किल्ल्यावर जाताना

सिंधुदुर्गाची होडी मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद असते. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत, खवळलेल्या समुद्रात तिथून होडी नेणं म्हणजे जिवाशी खेळ. आता विचार करा, याच कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला! पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचे उल्लेख आहेत. सिव्हिलवाल्यांना कारण सांगायला नको : चुना घट्ट व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात भरती येऊन तो धुऊन जाणार. शिसं साधारण ३२७ अंशाला वितळतं, ओतल्यावर लगेच घट्ट होतं आणि गंजत नाही. म्हणजे हे कामही आजीच्याच टाइमटेबलवर, ओहोटी बघून झालं असणार.

आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. काही कुटुंबं आजही किल्ल्यात राहतात. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत हा आहे. किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथली प्रवाळं बघायची तर नोव्हेंबरनंतर या. पावसाळ्यातला गाळ तोवर खाली बसलेला असतो आणि पाणी नितळ होतं.

रापण : इथे प्रेक्षक चालत नाहीत

सगळ्यात शेवटी रापण, कारण तिच्याबद्दल मला खरं बोलायचं आहे.

होडी जाळं घेऊन किनाऱ्यावरून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ काढून परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याची दोन्ही टोकं दोन रांगा करून किनाऱ्यावरून ओढायची. तीस-चाळीस माणसं सहज लागतात. जाळं आणि होडी सामाईक, मासळीचे वाटे पडतात. ओढायला हात लावला त्यालाही काहीतरी मिळतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा दोर धरला. वीस वर्षं त्या किनाऱ्यावर राहून पहिल्यांदा! तासाभरात तळहात सोलवटले. जाळं वर आलं तेव्हा तळाशी थोडी तारली, मूठभर बांगडे आणि भरपूर जेलीफिश. शेजारी ओढणारे आजोबा जाळं झटकत म्हणाले, "आधी माणसा होती, मासळीय होती. आता दोनय कमी." तरी त्यांनी माझ्या हातावर चार बांगडे ठेवले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "दोर धरलंस मा? मगे वाटो घेवकच होयो."

मासळी कमी होण्याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक आमच्याकडे रोज बोललं जातं, ते म्हणजे पर्ससीन. हे जाळं बटव्यासारखं असतं. समुद्रात माशांच्या आख्ख्या थव्याला वेढायचं आणि खालून दोरी खेचून तोंड बंद करायचं. थवा किनाऱ्याकडे येण्याआधीच संपतो. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. तरी वाद मिटलेला नाही. दुसऱ्या बाजूलाही कर्ज काढून बोट घेतलेली माणसं आहेत, हेही खरं.

आणि माणसं का कमी झाली? रापणकरांची मुलं आता पर्यटकांच्या होड्या चालवतात, स्कूबा शिकवतात, घरात दोन खोल्या भाड्याने देतात. मी त्यांना काय बोलणार? मी स्वतः कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करते आहे.

तर मग, कधी यायचं?

आता माझ्याकडे उत्तर आहे. गर्दी आणि नारळ बघायचे तर श्रावणी पौर्णिमेला. पालखी बघायची तर पाडव्याला, दिवाळीचा फराळ आमच्या घरी. किल्ला, प्रवाळं आणि रात्रभर दशावतार हवा असेल तर डिसेंबर-जानेवारी, सेमिस्टर संपल्यावर. आंगणेवाडीला यायचं तर तारीख जाहीर होईपर्यंत थांबा आणि झाल्याबरोबर तिकीट काढा. आणि जूनमध्येच यायचं असेल तर पुस्तकं घेऊन या. आजीची किसमूर आहेच.

एकच अट. किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर फोटो नंतर काढा, आधी दोर धरा. दहा मिनिटं धरला तरी चालेल. तिथे हात कमी पडतात.

लातूरच्या रूममेटला मी परत बोलावलं आहे. या वेळी तिनेच मला विचारलं, "त्या दिवशी तिथी कोणती गं?"