थायरॉइडच्या नावावर खपणारं वजन

बडोद्यात दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात कुणाकडे चैत्राचं हळदीकुंकू असलं, की पन्ह्याचा पेला हातात येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच : "माझं खाणं कुठे गं एवढं! थायरॉइडचं वजन आहे हे." मग बाकीच्याही आपापल्या गोळीचा आकडा सांगतात. एकीची पन्नासची, एकीची पंचाहत्तरची. एखादी "माझी नुकतीच शंभरची केली" असं जरा अभिमानानेच सांगते.

आजार खोटा नाही. देशातल्या आठ शहरांमधल्या ५,३७६ प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०.९५ टक्के लोकांमध्ये थायरॉइडची कमतरता, म्हणजे हायपोथायरॉइडिझम, आढळली आणि बायकांमध्ये ती पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्या आठ शहरांत मुंबई, गोवा आणि आपलं शेजारचं अहमदाबाद होतं, बडोदं नव्हतं. पण बडोदं या हिशेबातून सुटलं असेल असं मानायला काही कारण दिसत नाही. तेव्हा हळदीकुंकवाला जमलेल्या दहाजणींत एकीदोघींना हा आजार असणार, हे ठीकच. प्रश्न आहे तो दुसऱ्या वाक्याचा. वजन थायरॉइडचं, हे कितपत खरं?

गळ्याच्या घाटीखाली बसलेली ही ग्रंथी जेमतेम वीसेक ग्रॅमची. ती प्रामुख्याने थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, तयार करते. या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. यकृतात, मूत्रपिंडात, स्नायूंत त्यातला एक अणू काढून टाकला जातो आणि टी-३ बनतं. पेशींवर खरं काम करतं ते हेच. किती हार्मोन सोडायचं यावर मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाच्या हार्मोनच्या मार्फत लक्ष ठेवते. कामगार ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉइड मंदावलं की टीएसएच वाढतं. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा जास्त आला की अर्थ उलटा, म्हणजे थायरॉइड कमी, असा लावायचा. निम्म्या घरांत इथेच गोंधळ होतो.

शरीर स्वस्थ पडून असतानाही जी ऊर्जा जळते तिचा वेग या हार्मोनवर अवलंबून असतो. बर्लिनच्या आडोल्फ माग्नुस-लेवी यांनी १८९५ मध्ये रुग्ण किती प्राणवायू वापरतो हे मोजून ते दाखवलं. थायरॉइड कमी असलेल्यांचा वापर कमी होता आणि ग्रंथीचा अर्क दिल्यावर तो वाढला. इथूनच सगळ्यांनी सरळ हिशेब मांडला : हार्मोन कमी, जळण कमी, म्हणून चरबी जास्त.

हिशेब दिसायला बिनचूक आहे, पण वजनकाटा त्याला फारशी साथ देत नाही. हायपोथायरॉइडिझममुळे वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते पाच किलोंच्या घरात असतं, आणि त्यातही चरबी कमी, मीठ आणि पाणी जास्त. हार्मोन कमी पडलं की त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पापण्या जड होतात, अंगठी घट्ट होते. गोळी सुरू झाली की आधी उतरतं ते हेच पाणी. वजन वीस किलोंनी जास्त असेल तर त्यातल्या चार किलोंचा जाब थायरॉइडला जरूर विचारावा. उरलेल्या सोळा किलोंचा पत्ता दुसरीकडे आहे.

आता यातली खरी गंमत, जी दवाखान्यातल्या पाच मिनिटांत सांगायला कुणाला वेळ नसतो. वजन वाढल्यामुळेही टीएसएच वाढतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. शरीरात चरबी जास्त तेवढं लेप्टिन जास्त, आणि लेप्टिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला डिवचून टीएसएच थोडं वर नेतं. अशा माणसाचं टीएसएच सहा-सात येतं, पण टी-४ व्यवस्थित असतं आणि टी-३ तर कधी कधी चढंच. म्हणजे ग्रंथी थकलेली नसते. वजन उतरलं की हा आकडाही गोळीशिवाय खाली येतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांत हे वारंवार दिसलं आहे. आपण ज्याला कारण समजून बसलो तो बऱ्याचदा परिणाम असतो.

माझं स्पष्ट मत असं, की पॅकेजमधल्या तपासण्यांनी या गैरसमजाला भरपूर खतपाणी घातलं. अमुक रुपयांत सत्तर चाचण्या, त्यात टीएसएच आलंच. आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलं की माणूस त्या दिवसापासून रोगी होतो. युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं टीएसएच किंचित वाढलेलं होतं. निम्म्यांना थायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना नुसतीच साधी गोळी. औषधवाल्यांचा आकडा सुधारला. थकवा आणि इतर त्रास मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला.

हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. टीएसएच दहाच्या वर असेल, टी-४ खरोखर कमी असेल, गर्भारपण असेल किंवा त्याची तयारी चालू असेल, तर गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर होते, तिथे हयगय चालत नाही. रक्तात ग्रंथीविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर आजार पुढे वाढण्याची शक्यता जास्त असते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार : शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच हळूहळू ग्रंथी पोखरते. आज शहरांत हायपोथायरॉइडिझमचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पूर्वी या भागात काळजी वेगळी होती, आयोडीनची. देशातलं जवळजवळ तीन-चतुर्थांश मीठ गुजरातच्या आगरांतून येतं. तरी शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात शाळकरी मुलांच्या माना तपासल्या तेव्हा गलगंडाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या कितीतरी वर निघालं. पाच टक्के ही धोक्याची खूण. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी, मे २००६ मध्ये, खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावर देशभर पुन्हा बंदी आली होती. आता सुखवस्तू घरांत नवीच फॅशन आहे. नवरात्राच्या उपासापुरतं येणारं सैंधव बारा महिने डब्यात राहायला लागलं आहे, 'नैसर्गिक' म्हणून. सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. उलट बाजूला काहीजण 'थायरॉइड सपोर्ट' म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतात. त्यांतलं जादा आयोडीन हाशिमोतोवाल्यांची आधीच दुखावलेली ग्रंथी आणखी मंदावू शकतं. साधं आयोडीनचं मीठ, तेही बेताने, एवढं पुरेसं असताना हे दोन्ही उद्योग कशाला?

मग ते सोळा किलो? बडोद्यात राहून हे विचारणं म्हणजे जरा धाडसच. सकाळी सेव-उसळीवर तर्री, चारच्या चहाबरोबर भाकरवडी, पाहुण्यांपुढे लिलो चेवडो. आणि घरची आमटी गुळाशिवाय होत नाही, ते आपण गुजरातकडून शिकलेलोही नाही. नऊ रात्रींच्या गरब्याने उरलेल्या वर्षाची भरपाई होत नसते. ज्या शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांनी पिढ्या घडवल्या आणि डभोईत जन्मलेले स्वामी कुवलयानंद ज्यांच्या हाताखाली तयार झाले, त्या शहरातले आपण गल्लीच्या टोकाशी दूध आणायलाही स्कूटर काढतो. स्नायू हे रक्तातली साखर ओढून घेणारं सर्वांत मोठं ठिकाण आहे, आणि आपल्याकडे तेच मुळात कमी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार मार्मिकपणे दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपण अंगाने बारीक दिसतो आणि चरबी पोटात लपवतो. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते : कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायचं. २०२३ मध्ये आलेल्या, १,१३,०४३ लोकांच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं निघालं आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह. थायरॉइडची कमतरता मधुमेहाच्या जवळपास बरोबरीला येते, पण सुटलेल्या पोटाच्या खूप मागे राहते.

थायरॉक्सिनचा डोस वाढवून वजन उतरवावं, हा विचार कुणाच्या मनात आला नसेल असं नाही. न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून हायपोथायरॉइडिझमच्या एका बाईला बरं केलं. पुढे ती २८ वर्षं जगली. काही वर्षांतच तोच अर्क लठ्ठपणावरचं औषध म्हणून खपायला लागला. अमेरिकेत १९४० ते ६० च्या दशकांत रंगीबेरंगी 'रेनबो' गोळ्या निघाल्या. त्यांत थायरॉइड हार्मोन, उत्तेजक अँफेटामिन, लघवी वाढवणारं औषध आणि या सगळ्याने हृदयाचं जे होतं ते सावरायला हृदयाचं औषध! माणसं मेली, तेव्हा कुठे त्या बंद झाल्या. ज्यांची ग्रंथी ठीक आहे त्यांनी हे हार्मोन जास्त घेतलं तर चरबीबरोबर स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा ठेका चुकतो. थायरॉक्सिन लठ्ठपणासाठी वापरू नये, हा ठळक इशारा अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो.

तरीही थायरॉइडचा चयापचयाशी घट्ट संबंध आहेच, फक्त तो आपण शोधतो तिथे नाही. कंबरेपेक्षा तो यकृतात जास्त सापडतो. टी-३ च्या हुकमावरून यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलतं. हार्मोन कमी पडलं की ते रक्तातच फिरत राहतं. म्हणून कोलेस्टेरॉल अचानक चढलं तर त्यावरची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहावं, हा जुना शहाणपणा. यकृतावरची चरबीही याच हार्मोनच्या आज्ञेत असते. पेशींत त्याचे मुख्यतः दोन ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. हृदयात अल्फाचं प्राबल्य, यकृतात बीटाचं. फक्त बीटाला जागं करणारं औषध बनवलं तर हृदयाला धक्का न लावता यकृत सुधारेल, या कल्पनेवर अनेक वर्षं काम चाललं आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरोम या औषधाला फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारासाठी मंजुरी मिळाली. रेनबो गोळीवाल्यांनी अंदाधुंद केलेली गोष्ट इथे नेमकेपणाने झाली. गंमत म्हणजे हेही औषध वजन उतरवत नाही.

उपाशी राहून वजन उतरवणाऱ्यांनाही थायरॉइड दुसऱ्या वाटेने गाठतं. खाणं एकदम तोडलं की शरीर दुष्काळ पडल्याचं समजून टी-४ चं टी-३ करणं कमी करतं आणि निष्क्रिय टी-३ बनवायला लागतं. जळणाचा वेग मंदावतो. पहिल्या पंधरा दिवसांत भराभर उतरलेला काटा मग अडून बसतो तो काही अंशी यामुळे. अशा वेळी तपासणी केली तर टी-३ कमी दिसतं, आणि पुन्हा थायरॉइडच्या नावाने खडे फोडले जातात.

आणि आता वजनाची नवी औषधं आली आहेत. २०२५ मध्ये आधी टिर्झेपाटाइड, मग लठ्ठपणासाठीचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन भारतात मिळायला लागलं. बडोद्यातही ती घेणारे भेटतात आणि त्यांतले कित्येक आधीपासून थायरॉक्सिनवर असतात. थायरॉक्सिनचा डोस वजनाच्या हिशेबाने ठरतो. दहा-पंधरा किलो उतरले तर जुना डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड आणि हाताला कंप ही त्याची पहिली लक्षणं, म्हणून मध्येच टीएसएच पुन्हा तपासून घ्यावं. सेमाग्लुटाइडची तोंडावाटे घ्यायची गोळीही आहे. तिच्यामुळे शरीराला मिळणारं थायरॉक्सिन सुमारे एकतृतीयांशाने वाढतं. शिवाय तीही उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहा नाही; थायरॉक्सिनची अटही जवळजवळ हीच. दोन्ही चालू असतील तर आधी कोणती, मध्ये किती वेळ, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.