मज्जारज्जूच्या पोकळीत जमणारे जेल

वाहनांची धडक आणि उंचावरून पडणे ही भारतातील मज्जारज्जूच्या दुखापतीची दोन प्रमुख कारणे असून, पुणे जिल्ह्यातील नसरापूरच्या एका अंगाला पुणे-सातारा महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला भोर-वेल्ह्याचे, उंच आंबा-जांभळांचे डोंगर असल्याने या परिसराला दोन्हींचा धोका आहे. मोडलेले हाड सांधते. मणक्यांच्या आतून जाणारा, करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारे 45 सेंटिमीटर लांबीचा मज्जारज्जू मात्र सांधत नाही. याचे कारण मूळ आघाताइतकेच त्यानंतरच्या घडामोडींत आहे: सूज व रक्तस्रावामुळे पेशी पुढे कित्येक दिवस मरत राहतात, तेथे द्रवाने भरलेली पोकळी उरते, तिच्याभोवती चिवट व्रण धरतो आणि नव्याने फुटू पाहणारे मज्जातंतू त्याच्यापाशी येऊन थबकतात.

ही पोकळी वेडीवाकडी असते, आणि तिच्या कडेने शाबूत राहिलेले थोडे धागे रुग्णाला लाखमोलाचे असल्याने, बाहेर घडवलेला तुकडा चिरा देऊन बसवण्यापेक्षा बारीक सुईतून द्रव सोडून तो आत जमू देणे अधिक सोयीचे, अशी इंजेक्शनने देण्याच्या जैवपदार्थांमागची कल्पना आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये विशिष्ट क्षार मिसळला, की ते मिश्रण थंड असता पातळ राहते आणि शरीराच्या उबेने घट्ट होते. खरवसही उष्णतेनेच जमतो, फक्त त्याला वाफ लागते. येथे 37 अंश पुरतात. असे भरपूर पाणी धरून ठेवणारे जाळे म्हणजे हायड्रोजेल. ते मज्जारज्जूइतकेच मऊ असावे लागते, कारण कठीण जेल आजूबाजूच्या जिवंत धाग्यांनाच दाबते.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने 2021 मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. इंजेक्शननंतर सूक्ष्म तंतूंचे जाळे होणाऱ्या त्यांच्या द्रवात दोन संकेत गुंफलेले होते. एक मज्जातंतूंच्या वाढीसाठी, दुसरा मुख्यतः रक्तवाहिन्यांसाठी. जाळ्यातील रेणू जितके हलते, तितका पेशींचा प्रतिसाद चांगला, हा त्यातील खरा नवा धागा. दुखापतीनंतर एका दिवसाने दिलेल्या एकाच इंजेक्शनने लुळे उंदीर चार आठवड्यांत चालू लागले. अर्थात उंदराचा मज्जारज्जू जेमतेम काही मिलिमीटर जाड. माणसात तंतूंना कापावे लागणारे अंतर कितीतरी मोठे, आणि वर्षानुवर्षांच्या जुन्या दुखापतीचा व्रण ही तर वेगळीच अडचण.

पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी 1974 पासून चालत आलेल्या पुनर्वसन केंद्रात आजही भर आहे तो चाकाची खुर्ची, व्यायाम, मूत्राशयाची निगा आणि पाठीला शय्याव्रण होऊ न देणे यांवर. अपघातस्थळी तर जेलचा प्रश्नच येत नाही. जखमी माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलले आणि जीपच्या मागच्या बाकावर कमरेत वाकवून बसवले, तर शाबूत राहिलेले धागेही तुटू शकतात. म्हणून मान न हलवता, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून त्याला सपाट फळीवर घ्यावे लागते.