सहा आठवड्यांनंतर किती दिसले?

कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावर आणि पौड रस्त्यावर आज चष्म्याची दुकाने जागोजाग आहेत. यंत्राला हनुवटी टेकवली की काही मिनिटांत नंबर निघतो. सोय वाढली, हे चांगलेच झाले. पण दिलेल्या काचेने, घातलेल्या थेंबांनी किंवा केलेल्या शस्त्रक्रियेने माणसाला पुढे खरोखर किती दिसले, हे मोजण्याची शिस्त वेगळी. गेल्या पंचवीस वर्षांत ती शिस्त नेत्रसेवेत रुजवण्याचे मोलाचे काम आपल्या पुण्यातच झाले आहे.

नव्वदच्या दशकात मुख्य प्रश्न मोतीबिंदूचा होता. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. डोळ्यातले भिंग काढून जाड काचांचा चष्मा हाती देण्याची शिबिरांतली जुनी पद्धत मागे पडली आणि कृत्रिम भिंग बसवणे रूढ होऊ लागले. पण भिंग बसवायचे कोणत्या पद्धतीने? मोठा छेद घेऊन टाके घालायचे, की आपोआप मिटणारा लहान छेद घ्यायचा?

याचे उत्तर महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात शोधले गेले. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या या रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. कोणाला कोणती शस्त्रक्रिया मिळणार हे डॉक्टरांच्या पसंतीवर ठेवले नाही, म्हणून तुलना खरी ठरली. सहा आठवड्यांनी ७०६ जण पुन्हा तपासले गेले. चष्म्याशिवाय ६/१८ (निकोप डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून चांगली दृष्टी लहान छेदाच्या गटात ४७.९ टक्के रुग्णांना होती, मोठ्या छेदाच्या गटात ३७.३ टक्के. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. 'चष्म्याशिवाय' ही अट इथे फार महत्त्वाची, कारण शिबिरातून गावी परतलेला म्हातारा माणूस पुन्हा नंबर काढायला येईलच, याची खात्री नसते.

पुढची तुलना त्याहून अवघड होती. महागड्या यंत्राने होणारी फेको शस्त्रक्रिया आणि हाताने होणारी लहान छेदाची शस्त्रक्रिया, यांची ४०० डोळ्यांवर पाहणी झाली. २००५ च्या अहवालानुसार चष्म्याविना दिसण्यात फेको पुढे राहिली. योग्य चष्मा लावल्यावर मात्र दोन्ही गटांत ९८.४ टक्के रुग्णांना ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसत होते. रुग्णालयाचा फेकोवरचा खर्च अडीचपटींहून जास्त होता. गरिबाला स्वस्त उपचार देणे म्हणजे त्याला दुय्यम उपचार देणे नव्हे, हे या आकड्यांनी दाखवले. मला या सगळ्या काळातली ही सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

कोथरूडमध्ये गांधी भवनाच्या परिसरात अंध मुलींची शाळा आहे. अशा शाळांमधली मुले कशामुळे अंध झाली, हेही याच गटाने २००२ ते २००५ दरम्यान राज्यभर पाहिले. ३५ अंधशाळांतल्या १,७७८ मुलांपैकी ४१.३ टक्के मुलांचे अंधत्व जन्मजात दोषांमुळे होते आणि २२.२ टक्के मुलांचे बुबुळाच्या विकारांमुळे. बुबुळावर पडणारे डाग बरेचदा टाळता येतात. गोवराची लस, 'अ' जीवनसत्त्व आणि वेळेवर उपचार इथेच कामी येतात. काही मुलांना तर योग्य भिंगांच्या मदतीने आणखी दिसू शकत होते.

सर्वांत बोचणारा आकडा चष्म्याचा आहे. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत मुलांना चष्मे दिले गेले आणि काही महिन्यांनी पथक पुन्हा शाळेत गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,०१८ मुलांपैकी फक्त २९.५ टक्के मुले चष्मा लावून बसलेली आढळली. कोणाचा हरवला होता, कोणाचा फुटला होता, कोणाला मुले चिडवत होती. चष्मे वाटल्याचा आकडा छापून थांबले असते, तर हे कधीच कळले नसते.

आता प्रश्न शहरातल्या मुलांच्या मायनस नंबरचा आहे. 'नंबर थोडा कमीच द्या, म्हणजे वाढणार नाही,' असे पालक आजही सांगतात. मलेशियातल्या २००२ च्या चाचणीत कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर अधिक वेगाने वाढला. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा डोळ्यांचा थकवा कमी करतात, असे सांगून विकल्या जातात. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्या तपासून केलेल्या २०२३ च्या आढाव्यात निदान अल्पकाळात तरी तसा फायदा दिसला नाही. उलट चीनमधल्या ग्वांगझूच्या १२ शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर नेले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागणाऱ्यांचे प्रमाण ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के राहिले. थोरात उद्यानात किंवा वेताळ टेकडीवर मुलाला दिवसाउजेडी नेण्याला पैसे लागत नाहीत आणि त्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्री, म्हणजे नजर तपासून चष्मा देण्याचे काम, हा नोंदणीचा आणि ठरलेल्या शिक्षणाचा व्यवसाय झाला. या मान्यतेबरोबर जबाबदारीही येते. चष्मा दिल्यावर सहा महिन्यांनी मुलाला परत बोलवावे, तो चष्मा लावतो का ते विचारावे, नंबर किती बदलला ते लिहून ठेवावे. काऊंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपणही महागडी काच घेण्याआधी विचारावे, 'याचा उपयोग कोणी तपासला आहे का?' पुण्याच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न आधी स्वतःच्या कामाला विचारला, म्हणून आपल्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.